पहाटेचं मैदान

शेवंता दिल्लीला राहायला आली तेव्हा तिच्या सामानात दोन ट्रंका, एक कुकर आणि नाचणीचं अर्धं पोतं होतं. पोतं बघून हणमंतने स्टेशनवरच कपाळावर हात मारला. "अगं, दिल्लीत काय दुष्काळ पडलाय का?"

"नाचणी मिळते का तिथं, ते सांगा," शेवंता म्हणाली, आणि हवालदारसाहेबांनी मुकाट्याने पोतं खांद्यावर घेतलं. दोन वर्षं बर्फात सीमेवर काढून आलेला माणूस, पण घरात बायकोपुढे त्याचा आवाज कधी चढला नाही. एकदा तरी चढायला हवा होता, असं आता म्हणून काय उपयोग.

ती नाचणी भक्तीसाठी होती. भक्ती सात वर्षांची, एकुलती एक, आणि अंगाने अगदी काडी. कॅन्टोन्मेंटमधल्या शाळेत पहिल्याच महिन्यात तपासणी झाली आणि कार्डावर लाल शाईत ‘वजन कमी’ असं लिहून आलं. त्याहून वाईट म्हणजे खाली मैदानात पोरं तिला खेळायला घेत, पण आपल्याकडे कच्चा लिंबू घेतात तशी. तिला कुणी धरायचं नाही, ती बाद झाली तरी मोजायची नाही. शेवंता तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हे बघायची. शाळेत असताना खो-खोच्या संघाची कॅप्टन होती ती. पोटची पोर अशी हिशोबात नसलेली बघून तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

तिने साताऱ्याला आपल्या वडिलांना फोन लावला. खंडेराव एके काळचे तालुक्यातले पैलवान. पोर कुणाचंही असो आणि दुखणं कसलंही असो, त्यांच्याकडे औषध एकच. "सूर्य उगवायच्या आत मैदानात काढ तिला. पहाटेची हवा आणि पोटात सकस. सहा महिन्यांत बघ." शेवंता स्वतः याच औषधावर वाढली होती, तेव्हा शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

एप्रिलपासून सुरुवात झाली. साडेपाचला मायलेकी खाली उतरायच्या. मैदानाला आधी एक फेरी, मग दोन, पावसाळ्यापर्यंत चार. वर आल्यावर मूठभर भिजवलेले हरभरे, गुळाचा खडा, नाचणीचं आंबील. डब्यात भाकरी, तूप आणि पालेभाजी. भक्तीने आधी तोंडं वेडीवाकडी केली, मग तिला खरंच भूक लागायला लागली. ऑगस्टमध्ये वजनाचा काटा अडीच किलो पुढे गेला. गालांवर लाली आली. सप्टेंबरात शाळेच्या शर्यतीत ती दुसरी आली आणि घरी येऊन ओरडली, "आई, मी सेकंड आले, बिल्कुल नाही थांबले."

मग काय, शेवंताचं नाव झालं. वरच्या मजल्यावरची देविका नाशिककडची. तिचा सुजय चिप्सशिवाय काही तोंडात घालत नसे. तिने त्याला शेवंताच्या हवाली केलं. पाठोपाठ आणखी चार पोरं आली. शेवंता सगळ्यांना पळवायची, लंगडी शिकवायची, आणि शेवटी एका पातेल्यातून हरभरे वाटायची. हिंदी तिचं मोडकंतोडकं, पण "भागो, रुकना नहीं" एवढ्यावर तिचा संसार चालत होता. एवढं सुखाचं वर्ष तिच्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

दिवाळी झाली आणि सकाळी मैदानाचं पलीकडचं टोक दिसेनासं झालं. शेवंताला ते धुकं वाटलं. तिच्या गावी थंडीत असंच धुकं पडायचं आणि त्याच धुक्यात तालमीतली पोरं नदीपर्यंत पळत जायची. या धुक्याला जळक्या रबराचा वास होता, डोळे चुरचुरत होते, पण शहरच आहे, वास येणारच, असं तिने मनाशी म्हटलं.

देविकाने सुजयला पाठवणं बंद केलं. जिन्यात भेटली तेव्हा फोन पुढे करून म्हणाली, "शेवंताताई, हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघा ना. चारशेच्या वर गेलाय. यात पोरांना बाहेर नाही काढत, यार."

"फोनला काय नाक असतं का?" शेवंता हसून म्हणाली.

एकेक करून बाकीचीही गळाली. हणमंत एकदा जेवताना म्हणाला, "आमची पीटी पण आता ऊन चढल्यावर घेतायत." त्यावर शेवंताने "तुमच्या जवानांचे लाड" एवढंच म्हटलं आणि त्याला भाकरी वाढली. तो खाली बघून जेवत राहिला. पुढच्या आठवड्यात हवेपायी शाळा बंद झाली. "सुट्टी शाळेला आहे, मैदानाला नाही," शेवंता भक्तीला म्हणाली. लोक मागे राहिले की आपली पोर पुढे जाते, असा तिचा साधा हिशोब होता. वार्षिक स्पर्धेत यंदा पहिला नंबर, हे दोघींचं ठरलेलं होतं.

भक्ती खोकायला लागली होती. शेवंताने हळदीचं दूध दिलं, छातीला कोमट तेल लावलं, तुपाचा चमचा वाढवला. खोकला थांबल्यासारखा वाटला. खरं तर तो थांबला नव्हता. भक्ती नळ सोडून बाथरूममध्ये खोकत होती, पण हे नंतर कळलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, तिसऱ्या फेरीच्या शेवटी, भक्ती गोलपोस्टला धरून वाकली. "आई, साँस अडकते."

शेवंता वीस पावलांवर उभी होती. धुरकटात तिला पोरीचा चेहरा दिसत नव्हता. ती म्हणाली, "थांबायचं नाही, राणी. एकच राहिली. पळ."

आणि पोर पळाली. पूर्ण फेरी पळाली. आईजवळ येऊन पोचली, आणि तिथे खाली बसली ती उठलीच नाही. ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले होते.

लष्करी दवाखान्यात तोंडावर मास्क लावून तिला आत नेलं. दुपारपर्यंत श्वास ताळ्यावर आला तेव्हा डॉक्टर बाहेर आल्या. मेजर अपूर्वा, मराठीच, वयाने शेवंताएवढ्या. त्यांनी विचारलं, "खेळते कधी ही?"

"रोज पळते, मॅडम. साडेपाचला. एक दिवस खाडा नाही," शेवंता म्हणाली. त्या घटकेलाही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

डॉक्टर शेजारी बसल्या. "ताई, हिला दमा आहे. आधीपासून असणार, म्हणूनच अंग धरत नव्हती. आणि थंडीत इथली घाण वर उडून जात नाही, पहाटे अगदी जमिनीलगत साचून असते. पळणारं पोर बसलेल्या पोराच्या कितीतरी पट हवा आत ओढतं. गावाकडची पहाट वेगळी हो."

"मग माझं सगळंच चुकलं?"

"नाही. खाणं तर उत्तम चाललंय. म्हणून तर एवढं झेललं तिने."

हे डॉक्टर मायेने म्हणाल्या, पण शेवंताला ते सुरीसारखं लागलं. म्हणजे खाऊ घालून आपण तिला हे झेलायला धडधाकट केलं, एवढंच तिच्या मनात आलं. हणमंत भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याने तिला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर तिला रडता आलं असतं.

भक्ती नऊ दिवसांनी घरी आली. सकाळ-संध्याकाळ दम्याच्या औषधाचा पंप, खिडक्या बंद, खेळ म्हणजे पलंगावर सापशिडी. स्पर्धा आली नि गेली. शेवंता पहाटे साडेपाचला अजून जागी व्हायची आणि पोरीचा श्वास ऐकत पडून राहायची.

मार्चमध्ये हवा निवळली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आता संध्याकाळी खेळू दे. पंप घेऊन थोडं पळाली तरी बिल्कुल हरकत नाही. तिला त्याची गरज आहे." शेवंताने तिला नवे बूट घातले आणि खाली पाठवून गॅलरीत उभी राहिली.

सुजयने तिला हाक मारून आपल्या संघात घेतलं. डाव सुरू झाला, पोरं पळाली. भक्ती जागची हलली नाही. मग सावकाश चालत कडेला गेली आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्यांपाशी बसली. शेवंताने कठडा घट्ट धरला. जा, पळ, असं तिला ओरडून सांगायचं होतं. गळ्यापर्यंत आलेला तो शब्द तिला काही केल्या उच्चारता येईना. त्या शब्दाने एकदा काय केलं होतं ते तिने पाहिलं होतं.

तासाभराने भक्ती वर आली. बूट कोरे होते, केस विस्कटलेलेही नव्हते. शर्यतीच्या दिवशी आली होती तशीच ती हसत आईपुढे उभी राहिली.

"आई, आज मी अजिबात नाही पळाले. एकदा पण नाही."

शेवंताने तिला जवळ घेतलं. "शाब्बास," ती म्हणाली, आणि बूट काढून द्यायला खाली वाकली.