तीस पावलांवरचा कान

बँडमधले सगळे त्याला तळघर म्हणत. तो बेस ट्रॉम्बोन वाजवायचा आणि त्या पितळी वाद्याचे सूर तळाशी असतात, म्हणून. हे नाव ठेवणारा क्लॅरिनेटवाला केव्हाच बँड सोडून गेला, नाव मात्र राहिलं. त्याला त्याचं काही वाटत नसे. तळ पक्का असला की वर राहणाऱ्यांना त्याची आठवण येत नाही, आणि तसंच असायला हवं, असं त्याचं मत होतं.

चौतीस वर्षं तो कारखान्याच्या पत्रेखात्यात होता. पत्रा कापायचा, वाकवायचा, झाळून जोडायचा. कारखाना बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, कारखान्याचा बँड तेवढा उरला. अठरा जण दर शनिवारी दुपारी जुन्या सायकलशेडमध्ये जमत. तळघराची खुर्ची मागच्या रांगेत, भिंतीकडून पहिली. एकतीस वर्षं तीच.

यंदाच्या कार्यक्रमात एक संथ चाल होती. तिच्या शेवटी बाकीचे सगळे थांबतात आणि बेस ट्रॉम्बोन एकटा खालचा सूर धरतो. आठ मात्रा. पहिल्याच तालमीला बँडमास्तरांनी कानामागे हात धरला.

"तळघर, वाजवताय ना?"

"वाजवतोय."

"मग येत का नाही? वाटेत बिडी ओढायला थांबतो काय?"

सगळे हसले. तोही हसला. पुढच्या शनिवारी मास्तर हसले नाहीत. तालीम संपल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"हे बघा, वय माझंही झालंय. पण सभागृहातली शेवटची रांग माझ्यापेक्षा लांब असते. अजून तीन शनिवार आहेत. तिसऱ्याला नाही पोचला, तर तो सूर शेजारच्या ट्यूबावाल्याला देतो."

"आणि मी?"

"तुम्ही आहातच की. बाकीचं वाजवा."

बाकीचं म्हणजे काय ते तळघराला ठाऊक होतं. मोठा ढोल वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचं त्याने पाहिलं होतं. आधी ढोल गेला, हातात झांजा आल्या. मग झांजाही गेल्या आणि कागद वाटायचं काम आलं. मग एका शनिवारी म्हातारा आला नाही, आणि कुणी विचारलंही नाही. खुर्ची एकदम जात नाही. एकेक पाय कापत नेतात.

दम कमी झाला असेल, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण दमाला कानस लावता येत नाही, पितळेला येते. तो वाद्याच्या मागे लागला.

ट्रॉम्बोनमध्ये बदलण्यासारख्या दोन गोष्टी. एक स्लाइड, म्हणजे पुढे-मागे सरकणारा लांब भाग. दुसरी म्हणजे स्लाइडच्या तोंडाशी आत बसलेली वीतभर नळी. फुंकर आधी या नळीतून जाते. नळीचं पोट केसभर मोठं किंवा लहान झालं, तरी सूर वेगळा निघतो. मूळची नळी झाळून बसवलेली होती. त्याने ती फार पूर्वी तापवून सोडवली, तिला आटे पाडले, आणि जोडीला आणखी दोन नळ्या स्वतः बनवल्या. निमुळत्या दांड्यावर पातळ पत्रा गुंडाळायचा, सांधा झाळायचा, दिसेनासा होईपर्यंत घासायचा. एका नळीला तीन आठवडे लागले. ओळखायला काठावर खाचा केल्या. मूळची ती एक खाच, मग दोन, मग तीन.

नळी करणं सोपं. पारखणं अवघड. वाजवणारा कर्ण्याच्या, म्हणजे वाद्याच्या उघड्या तोंडाच्या, मागे असतो. त्याला स्वतःचा सूर मागून, हाडांतून ऐकू येतो. पुढे काय पोचतं ते त्याला कधीच कळत नाही. त्यासाठी तीस पावलांवर दुसऱ्याचा कान लागतो.

तो कान त्याच्या बायकोचा होता. घरांच्या दोन रांगांमध्ये एक सामाईक अंगण होतं. तो मागच्या दारात उभा राहून वाजवायचा आणि ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, कपड्यांच्या दोरीपाशी उभी राहायची. बरोबर तीस पावलं. कोणती नळी लावली ते तो सांगत नसे. सूर पोचला की तिने हात वर करायचा, नाही पोचला की खाली ठेवायचा. तिला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तेच बरं होतं. सहा वर्षांपूर्वी दोन खाचांच्या नळीला तिचा हात पाच वेळा वर गेला होता. तेव्हापासून तीच नळी. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. दोरीपाशी आता फक्त त्याचे सदरे असत.

नळी बायकोने निवडलेली, म्हणजे तिच्यात खोट नाही. मग दोष स्लाइडचा. जुनी स्लाइड झिजून सैल झाली होती. बँडच्या कपाटात याच जातीचं एक वाद्य पडलं होतं, कर्णा चेपलेला, स्लाइड वाकलेली. मास्तरांना विचारून त्याने ती स्लाइड घरी आणली. आतून पोलादी दांडा घालून पोचे काढले. स्लाइडच्या नळ्या काचेवर ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहिलं. दिसला की पुन्हा. सोमवारी, नवव्या दिवशी, स्लाइड उभी धरल्यावर बाहेरचा भाग स्वतःच्या वजनाने, न अडखळता खाली आला. तेव्हा तो जेवला.

मंगळवारी त्याने तिन्ही नळ्या नव्या स्लाइडमध्ये घालून पाहिल्या. दोन खाचांची बंद दारातून फुंकल्यासारखी लागली. एका खाचेची त्याहून घट्ट. तीन खाचांची लावली आणि खोली भरून गेली. ताटल्या थरथरल्या. इतका मोठा सूर त्याच्याकडून कित्येक वर्षांत निघाला नव्हता. एकटा माणूस चुकतो तो इथे. बँडमधल्या नव्या पोरांना शिकवताना त्याने स्वतः दहा वेळा सांगितलं असेल, जी नळी कानात गरजते ती पुढे पोचत नाही. तरी त्याने तीन खाचांची लावली आणि आटे घट्ट आवळले.

दुसऱ्या शनिवारी मास्तरांनी सूर ऐकला आणि छडी खाली ठेवली.

"आधी निदान कुठेतरी होता. आता धूर झालाय नुसता."

ट्यूबावाला चांगला माणूस. तो छताकडे बघत राहिला.

घरी येऊन त्याने मुलीला फोन लावला. ती दूर असते, नोकरी, दोन मुलं.

"जरा ऐक. हा पहिला." त्याने वाजवलं. "आणि हा दुसरा. कुठला बरा?"

"बाबा, दोन्ही म्हैस ओरडल्यासारखे येतात. फोनवर सगळं सारखंच."

"दुसरा जरा जवळ वाटतो का?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगू, की खरं सांगू?"

"राहू दे. जेवलीस का?"

"बाबा, दुपारचे साडेचार वाजलेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंगणात आला. दारापासून पावलं मोजत दोरीपर्यंत गेला. तीसच भरली. तिथे उभं राहून त्याने आपल्या रिकाम्या दाराकडे पाहिलं. 

"भाऊजी, मंगळवारी काय बदललंत?"

दोरीला लागूनच शिलाईवाल्या बाईंची खिडकी होती. बाई एकट्याच राहत, दिवसभर मशीन चालवत. त्याच्या बायकोला त्या ताई म्हणत, म्हणून तो भाऊजी.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? मंगळवारपासून रजईतून कुणी कण्हतंय असं येतंय. आधीचं बरं होतं. तेही काही फार नाही हां."

"तुम्हाला यातलं कळतं?"

"इतकी वर्षं कोण सांगत होतं मग?" बाई बोलून गेल्या. त्यांनी दोरा तोडला, सुई उशीत खोचली.

"माझी बायको सांगत होती," तो म्हणाला.

"भाऊजी, ताईंना ऐकू येत नव्हतं."

त्याने वळून दोरीकडे पाहिलं.

"अगदी ठार नाही. पण शेवटची सात-आठ वर्षं समोर बसून बोललं तरच. तुमचा तो खालचा सूर तर मुळीच नाही. इथे उभ्या राहायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवली की त्यांचा हात वर."

तिचं तोंड नेहमी खिडकीकडे असायचं, हे त्याला आठवलं. उन्हामुळे असेल, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं, सांगून टाका. तर म्हणाल्या, सांगितलं की ते दुसऱ्या कुणाला उभं करतील. मग मी काय करू?"

तो घरी आला. दोन दिवस त्याने वाद्याला हात लावला नाही. बसल्या बसल्या एकेक गोष्ट वर येत होती. तो बोलू लागला की ती हातातलं काम सोडून त्याच्या तोंडाकडे बघायची. 'माझ्या मिशीला काय लागलंय?' असं त्याने विचारलेलं. रेडिओ तिने मुलीला देऊन टाकला होता. दूध उतू जाऊ लागलं, तेव्हा तो तिच्यावर चिडला होता. घरात बोलणं आधीच कमी. ते आणखी कमी झालं, तेव्हा आपलं आता बोलण्यावाचून भागतं, असं समजून तो मनातून सुखावला होता. पत्र्याच्या जाडीतला केसाएवढा फरक त्याला बोटांना कळायचा. हे कळलं नाही.

बुधवारी तो खिडकीपाशी गेला.

"बाई, तुम्हाला वेळ कधी असतो?"

"वेळ कधीच नसतो. तुम्ही वाजवा, मी शिवते. मशीन थांबलं की समजा पोचलं."

"मी काय लावलंय ते सांगणार नाही."

"सांगितलंत तरी मला काय कळणार आहे?"

दोन स्लाइड, तीन नळ्या. सहा जोड्या. प्रत्येक जोडी तीन वेळा, क्रम उलटसुलट करून. दर खेपेला नळी काढायची, पुसायची, आटे जपून बसवायचे, स्लाइडवर पाणी शिंपडायचं. घाई केली की आटे चढतात, मग सगळंच गेलं. अठरा खेपा करायला गुरुवारची दुपारही लागली. मशीन चार वेळा थांबलं. त्यातलं एकदा दोरा संपला म्हणून. ते बाईंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, म्हणून त्याने ते धरलं नाही. उरलेल्या तिन्ही वेळा नवी स्लाइड होती आणि एका खाचेची, मूळची नळी.

ती फुंकताना छाती दुखे. कर्ण्याच्या मागे जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. स्वतःच्या कानाने त्याने ती सात जन्मांत निवडली नसती. दोन खाचांची नळी त्याने पुसली, जरा वेळ हातात धरली आणि डब्यात ठेवली.

शुक्रवारी तो वाजवायला नाही, नुसता श्वास धरायला बसला. आठ मात्रा, घड्याळ समोर ठेवून. सकाळी सहा मात्रांपर्यंत पोचला. संध्याकाळी आठ.

तिसऱ्या शनिवारी सायकलशेडमध्ये ती चाल शेवटाला आली. सगळे थांबले. त्याने सूर लावला. मागे काही नाही, नुसता दाब. सुरू झालाय की नाही याचीही त्याला खात्री नव्हती. त्याने मास्तरांच्या हाताकडे पाहिलं. हात वर होता. सहाव्या मात्रेला पोट थरथरलं, सातव्याला डोळ्यांपुढे पांढरं आलं. हात वरच होता. आठव्यानंतर तो खाली आला.

मास्तरांनी पान उलटलं. "पुढचं घ्या," म्हणाले. दुसरं काही नाही.

ट्यूबावाला कडेने पुटपुटला, "तळघरात कुणीतरी राहतंय म्हणायचं."

"भाडं थकलं नाही अजून," तळघर म्हणाला.

घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. बाईंची खिडकी बंद होती, शिवलेले कपडे पोचवायला गेल्या असाव्यात. मुलीला फोन करावा, पण तिला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं असतं, आणि त्यातलं अर्धं सांगण्याजोगं नव्हतं.

त्याने ट्रॉम्बोन स्टँडवर अडकवला आणि स्टँड मागच्या दारात ठेवला, जिथे तो स्वतः उभा राहायचा तिथे. मग पावलं मोजत दोरीपर्यंत गेला आणि वळला.

इथून कर्ण्याचं पिवळं वर्तुळ तेवढं दिसत होतं. मागे माणूस असता तरी त्याचा चेहरा त्या वर्तुळाआड गेला असता.  अंगणात कसलाच आवाज नव्हता.

त्याने हात वर केला. मग दोरीवरचा वाळलेला सदरा काढला, खांद्यावर टाकला आणि परत निघाला.