बारीक भोकांचं दुखणं

चांगुणामावशी गेल्याचा आईचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या ऑफिसात होतो. रडू आलं नाही. नुसता खुर्चीत टेकलो. दोन वर्षं हॉस्पिटलच्या खेपा घालून अंगातलं बळच सरलं होतं. आता महिना उलटला, तरी तो शीण जात नाही...

मावशी जासईची धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला तीच हवी. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि वर्षभराने तो यकृतात उतरलेला दिसला. सर्जननी दोन वाटा सांगितल्या. बरगडीखाली मोठी चीर देऊन कापायचं, नाहीतर दुर्बिणीने, चार-पाच बारीक भोकांतून. "आजाराच्या दृष्टीने यांच्या बाबतीत फारसा फरक नाही. दुर्बिणीने त्रास कमी, घरी लवकर," ते म्हणाले. मावशीने एकच विचारलं, "गानी कवा बोलू?" मी दुर्बीण म्हटलं. त्या निवडीची मला आजही खंत नाही. पुढे आजार उलटला; तो मोठ्या चिरेनंतरही उलटला असता, असं डॉक्टर म्हणाले आणि मी ते मानतो.

खंत वेगळीच आहे. आठवड्याभरात ती घरी आली. बघायला आलेल्या बायका पोटावरच्या पट्ट्या पाहून म्हणाल्या, "इतकाच?" तिच्या नणंदेचं पोट पूर्वी उभं फाडलं होतं, तर तिला सहा महिने कुणी हंडा उचलू दिला नव्हता. मावशीला मात्र चौथ्या आठवड्यात हळदीचं बोलावणं आलं. आतून यकृताचा केवढा तुकडा गेलाय, हे कुणाच्या ध्यानीमनी नाही. ती नाही म्हणणारी नव्हतीच. आणि मी एवढा शिकलेला शहाणा, मीच तिला गाडीत घालून नेत होतो.

आपट्याच्या हळदीला जाताना पळस्प्याला तिने गाडी थांबवायला लावली. कूस धरून बसली. मी म्हटलं, "मावशी, जखमा तर भरल्यात ना?" ती हसली. "भोकं ल्हान हायेत रं, दुखनं ल्हान नाय. मोठी चीर असती त कोनी निजू तरी दिला असता." मी पाण्याची बाटली पुढे केली. पाच मिनिटांनी गाडी सुरू केली, आपट्याच्याच दिशेने... त्या पाच मिनिटांची मला लाज वाटते.

तिचा फोन माझ्याकडे आहे. का कोण जाणे, रोज चार्ज करतो. परवा एका अनोळखी माणसाने विचारलं, "धवलारीनबाय हायेत का? मंगलवारची हलद हाय आमची."

गेली, असं सांगायला तोंड उघडलं.

"बाय आजारी आहे," मी म्हणालो. "मोठं ऑपरेशन झालंय तिचं. ती नाही येणार."