जनरेटरपाशी अडकलेला

धाकट्या, रागावू नकोस, पण तुला तिथे कुणी डांबून ठेवलेलं नाही. आतून कडी तूच लावून घेतली आहेस.

औषधांच्या त्या शीतगृहात वीज गेली तर काय करणार, असं कुणी विचारलं की मालक तुझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "हा आहे ना!" झाली त्याची संकटकाळची तयारी. तो म्हातारा जनरेटर फक्त तुझ्याच हाताने सुरू होतो, म्हणून तू शहराबाहेर पाऊल टाकत नाहीस. भाचीच्या लग्नातही भरल्या ताटावरून उठून पळालास.

"अरे, दुसऱ्या कुणाला शिकव की," मी तेव्हाच म्हटलं.

"शिकवलं तर मला कोण विचारेल, ताई?" म्हणालास, आणि वर हसलास.

आता मोतीबिंदूमुळे तुला जनरेटरवरचा काटाही धड दिसत नाही. परवा डॉक्टरांकडे न्यायला मी टॅक्सी घेऊन फाटकाशी आले. तू एक पाय टॅक्सीत ठेवलास आणि तेवढ्यात आवारातले दिवे गेले.

"आलोच," म्हणून जो धावलास तो धावलासच.

"आजी, अजून किती थांबायचं?" टॅक्सीवाला वैतागला. मी एकटीच घरी आले. तुझे डोळे दाखवायचे अजून राहिलेच आहेत.