शांततेच्या वाटेवर

कुठून सुरुवात करू, सांगा. शिक्षण, नोकरी सगळं बेंगळुरूला. तिथून गावी, तिवशाला परतताना वाटलं होतं, आपल्याकडे माणसं अजून निवांत असतील, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ऐकत असतील. पहिल्याच दिवशी मी मामांना नोकरी का सोडली ते सांगत होते. मामा रील बघता बघता म्हणाले, "हो हो, लाइक केलं मी."

मग मी पेटले. गावाला एकाग्रता शिकवायची! आई म्हणाली, "एक वर्ग घेऊन पाय. लोकं आले त ठीक. नाई त गुमान वापस नोकरीले जाय."

म्हणजे सगळी मदार त्या एका वर्गावर. वाचनालयाची खोली मिळवली. फ्लेक्स छापला, फ्लेक्सशिवाय आपल्याकडे काही सुरू होतं का? माझा हसरा फोटो, खाली 'चला, शांततेच्या वाटेवर'. शुभारंभ म्हणून कुणीतरी त्याला झेंडूचा हार घातला. नजर स्थिर करायला समोर समई. डासांसाठी उदबत्ती.

तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं.

चार जण आले. सगळ्यांचे फोन, माझ्यासकट, बंद करून कपाटात कुलूपबंद. तासभर मौन. दाराकडे पाठ करून, डोक्यावर ओढणी घेऊन मी फ्लेक्ससमोर बसले.

थोड्या वेळानं मागे पावलं वाजली. कुणीतरी बसलं. मग आणखी कुणी. मागे न बघताही कळत होतं, खोली भरतेय. बघ आई, बघ! कुणीतरी हुंदका दिला. पहिल्याच वर्गात असा परिणाम? माझेही डोळे भरून आले.

तास संपल्यावर उठून वळले. खोली दारापर्यंत भरलेली. शेजारचे चहावाले गजूभाऊ भिंतीला चिकटले.

"अवो, हे त उठली."

"काय झालं, गजूभाऊ?"

"तुया फोटोले हार, उदबत्ती. अन् एकाच्याबी हातात मोबाइल नाई. कोनी मेल्याबिगर लोकं असे बसते का? टाकलं मंग मी ग्रुपवर."

"मला फोन करून विचारायचं ना."

"केला ना. बंद होता. मंग त पक्कंच झालं."

अमरावतीला मावशीकडे गेलेली आई रडतच पोचली. वाटेत तिनं कुणाचाच फोन उचलला नव्हता. मला आधी छातीशी धरलं, मग पाठीत धपाटा घातला.

"जित्ती हायेस त फोन काहून बंद ठेवला? झाला तुया वर्ग. उद्या सकाळी कंपनीले फोन लाव."

गावाला खरं कळलं, पण बातमी बेंगळुरूला पोचली होती. मी फोन उघडला, तर ऑफिसच्या ग्रुपवर श्रद्धांजल्यांची रांग. 'तिच्यासारखं मन लावून ऐकणारं कुणी नव्हतं.' हे त्या मैत्रिणीनं लिहिलेलं, जिनं मला ब्लॉक केलं होतं. आई जेवायला हाका मारत राहिली. मला एकही ऐकू गेली नाही. इतकं लक्ष लावून मी आयुष्यात काही वाचलं नव्हतं.

सकाळी आई समोर येऊन बसली. "लाव फोन."

मी ऑफिसच्या ग्रुपवर 'मी जिवंत आहे' एवढं लिहिलं. पाठवणार, तेवढ्यात आमच्या साहेबांच्या नावापुढे 'टायपिंग' दिसलं. या माणसानं माझं एक वाक्य कधी पूर्ण ऐकलं नव्हतं. आणि आता ते टायपिंग थांबतच नव्हतं.

मी लिहिलेलं पुसलं. ठरवलं, दुपारपर्यंत मेलेलंच राहायचं.