लोहारमामांची खूण

लोहारमामांकडे खुरपं मागायला गेलं की ते आधी म्हणायचे, "हात दाव." नवी सून असो की नातवंडं झालेली बाई, तळहात पुढे करावाच लागायचा. घट्टे कुठे पडलेत ते अंगठ्याने चाचपायचे आणि मग विचारायचे, "निंदताना कोन्त्या पायावर बसतं?" नव्या सुना लाजायच्या, जुन्या बायका हसायच्या. माझ्या आईचा हात पाहून ते म्हणाले होते, "तू डावरी हाय आन् उजव्यानं निंदतं. काऊन?" आजीने आईची ती सवय लग्नानंतर मोडून काढली होती, हे आम्हा पोरांनाही ठाऊक नव्हतं. मामांनी आईला डाव्या हाताचं खुरपं करून दिलं. आजी चार दिवस आईशी बोलली नाही आणि मामांशी तर महिनाभर.

ते काही माझे सख्खे मामा नव्हेत. तामसीजवळच्या आमच्या गावचे ते लोहार. आईला बहीण मानायचे, म्हणून आमचे मामा, आणि आमचं ऐकून हळूहळू सगळ्या गावाचे. धारेला पाणी देताना कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. तापलेलं पातं पाण्यात घालायची वेळ नेमकी डोळ्यांनी धरायची असते, तेव्हा समोर माणूस कोण आहे हे ते बघत नसत. एकदा सरपंच राजकारणावर बोलत बसले, तर मामांनी त्यांना बखोटीला धरून बाहेर लिंबाखाली नेऊन बसवलं. काम झाल्यावर मात्र स्वतः चहा घेऊन गेले.

लोखंड घ्यायला ते आदिलाबादला भंगारवाल्याकडे जायचे. ट्रकच्या कमानीचे पाटे त्यांना लागायचे. एकेक पाटा उचलून हातोडीने वाजवायचे आणि कान देऊन ऐकायचे. भंगारवाला कावून म्हणायचा, "चचा, लोहा है, तबला नहीं." अर्धा ढीग वाजवून मामा दोन पाटे निवडत आणि ते पायाशी घेऊन तामसीच्या बसमध्ये बसत. मी सुट्टीला गावी जाताना कधी तीच बस असली, तर सगळी वाट माझे पाय त्या पाट्यांवर असायचे.

खुरपं तयार झालं की त्याच्या मानेवर ते छिन्नीने तीन घाव मारत. त्यांच्या मते तो मोराचा पाय होता. गावाच्या मते कोंबडीचा. ही खूण असलेलं खुरपं मोडलं की आणून द्यायचं आणि नवं घेऊन जायचं, मग ते किती का जुनं असेना. "मोडलं त घेऊन ये," एवढीच त्यांची जाहिरात. मोडायचं क्वचितच, पण शब्द पक्का होता. बाजारहत्नूरकडच्या बायकांना मामांचं नाव माहीत नव्हतं, कोंबडीचा पाय माहीत होता.

मग दुकानांत निळ्या प्लास्टिकच्या मुठीची खुरपी आली. पत्र्यासारखी पातळ, एका हंगामात वाकणारी. पण मामांच्या एका खुरप्याच्या किमतीत चार. आमच्याच गावच्या बायका ती आणू लागल्या. मला भारी राग यायचा. मी आदिलाबादला कचेरीत पंख्याखाली बसते, कापसात निंदायला जात नाही, त्यामुळे मला राग परवडतो. मामांना नाही आला. "सस्तं हाय त घेतीनच," ते म्हणाले. "मी बी घेतलो असतो."

तीन वर्षांपूर्वी आदिलाबादच्या एका दुकानात मला लाकडी मुठीची खुरपी टांगलेली दिसली. मानेवर कोंबडीचा पाय! मला कोण आनंद झाला. मामांचा माल शहरात आला म्हणून मी चांगली दहा खुरपी घेतली, बसने गावी नेली आणि शेतात निंदणाऱ्या बायकांसाठी आईच्या हवाली केली. स्वतःवर इतकी खूश होते की किंमत एवढी कमी कशी, हेही मनात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यातली तीन मानेपाशी मोडली आणि चारांची धार मुडपली. आई म्हणाली, "भाऊची भट्टी थंडी पडली का काय, माय?"

मोडकी-मुडपलेली सातही पिशवीत घालून मी मामांकडे गेले. त्यांनी एक हातात घेतलं, खुणेवरून अंगठा फिरवला. एवढंच विचारलं, "सातच का?" मी म्हटलं, सातच. "परवा ने," ते म्हणाले. मी निघाले तर मामी माझ्यामागे अंगणाबाहेरपर्यंत आल्या. "हे आमचे नाईत, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "कोनीतरी आमची खून मारून इकून राह्यले. चार दिवसांपासून लोक आनून राह्यले. हे बाबा सगळ्यायले नवे देऊन राह्यले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच परत फिरले. "मामा, तुमचे नव्हते त मंग काऊन देता?"

"तू काय पाहून घेतलं?"

"खून."

"मंग?" भात्याची दोरी ओढत ते म्हणाले. "तू शिकेल, तू फसली. जे बाई दिवसभर वाकून निंदते, तिले मी म्हनू का, तुले फसवलं, जा घरी? तिनं खुनेवर इस्वास ठेवला. खून माही हाय."

त्या हंगामात मामांनी किती खुरपी अशी फुकट दिली ते त्यांनाच ठाऊक. वाजवून आणलेलं सगळं लोखंड त्यात गेलं. गावातल्या डवऱ्यांची, म्हणजे बैलांच्या कोळप्यांची, पाती ठोकून धार लावायची राहिली आणि शेतकरी चिडून तामसीच्या वेल्डिंगवाल्याकडे गेले, ते तिकडचेच झाले. मी गप्प बसणारी नव्हे. सरकारी कचेरीत दरखास्त दिली, तेलुगूत, व्यवस्थित. तिथल्या साहेबांनी विचारलं, खुणेची नोंदणी आहे का? नव्हती. दुकानात जाऊन भांडले, तर मालक शांतपणे म्हणाला, "मैडम, मुर्गी का पाँव किसी के बाप का है क्या?"

मामींनी हात जोडले, तेव्हा कुठे मामांनी ठरवलं की आता खूण मारायची नाही, म्हणजे खुणेचं खोटं खुरपं आपल्या नावावर येणार नाही. "ज्यायच्या हातात दिलो, त्यायले मालूम हाय," ते म्हणाले. पण तेवढ्यावर भागत नव्हतं. गावातलं काम उरलं नव्हतं, म्हणून ते तामसीच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून बसू लागले. एका रविवारी मी त्यांच्याशेजारी बसले होते. लांबच्या गावची एक बाई आली. मामांनी सवयीने म्हटलं, "हात दाव." तिने दाखवला. मामांनी निवडून दिलेलं खुरपं तिने उलटंपालटं केलं, मान तपासली आणि खाली ठेवलं. "कोंबडीचा पाय नाई याच्यावर. डुप्लिकेट हाय."

मी उठायच्या आत मामांनी माझं मनगट धरलं. "हो," ते त्या बाईला म्हणाले. ती गेली. मी रडकुंडीला आले होते, आणि हा माणूस पोत्यावरची खुरपी सरळ करत होता. "तिनं बराबर पाह्यलं," ते म्हणाले. "असंच पाहून घ्या लागते." त्यानंतर ते चार-पाच बाजार बसले. पुढच्या हिवाळ्यात दमा वाढला, भट्टी बंद झाली, आणि उन्हाळा लागायच्या आधी मामा गेले. मामी आता निर्मलला लेकीकडे असतात.

आईकडे अजून तीन खुरपी आहेत, मामांच्या हातची. मोडत नाहीत. आई ती कोणाला हात लावू देत नाही.

परवा नळाची तोटी घ्यायला मी पुन्हा त्याच दुकानात गेले. मालक माझ्याकडे पाहून हसलाही. पुढे एक बाई उभी होती, हातात कोंबडीच्या पायाचं खुरपं, खुणेवरून बोट फिरवत. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, हे घेऊ नका. मोडते."

"मोडलं त मोडलं," ती म्हणाली. "तामसीकडं एक म्हातारा हाय. बदलून देते."

"तो म्हातारा वारला, बाई. दुसरं वर्ष लागलं."

"अरेरे," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

"मंग दोन घ्या लागतीन," असं म्हणून तिने टांगलेलं आणखी एक खुरपं काढून घेतलं.