वाकोल्यात ठरलेला सरपंच

सुयोग परब वाकोल्यात राहतो. अंधेरीत औषधांच्या गोदामात कामाला आहे. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी साहित्यात पदवी घेतली, तो मध्येच कंटाळून सुटला. कुठल्याही विषयावरून त्याचं बोलणं कातळखोलवर यायचं.

कातळखोल हे त्याचं गाव, मालवणकडे. गावाला स्वतःची ग्रामपंचायत नव्हती. कुठलाही दाखला हवा असला की खाडीपलीकडच्या मोठ्या गावात जायचं. सुयोगचे वडील दशरथ भर पावसाळ्यात गेले. मृत्यूच्या दाखल्यासाठी त्याची आई, कुंदाकाकू, होडीतून फेऱ्या मारत राहिली. ग्रामसेवक कधी तालुक्याला, कधी रजेवर. शेवटी दाखला मिळाला, त्यावर दुसऱ्याच माणसाचं नाव होतं.

"मेल्यावरसुद्धा माणसाला पंचायत लागते गं," सुयोग मला म्हणाला.

तेव्हापासून तो वेगळ्या पंचायतीच्या मागे लागला. त्याच्या सगळ्या रजा सरकारी कचेऱ्यांत गेल्या. त्याचं लग्न जवळपास ठरलं होतं, ते मोडलं. मुलीचा मामा म्हणाला, "सुट्टीत फिरायला कुठे जातोस विचारलं, तर म्हणे कलेक्टर कचेरीत." आम्ही सगळे हसलो होतो. सुयोगही.

मग मंजुरी आली. पहिली निवडणूक लागली, सरपंचपद खुलं होतं. सुयोगने आपलं मत आधीच वाकोल्यातून गावाला हलवलं होतं. त्याला कातळखोलचा पहिला सरपंच व्हायचं होतं. नोकरी सोडून गावी राहायचीही तयारी होती. यातलं काहीच तो लपवत नव्हता.

पण कातळखोलचं काही कातळखोलमध्ये ठरत नाही. गावची मुंबईतली माणसं एक मंडळ चालवतात. देवळाचे पत्रे, शाळेचा रंग, बांधावरची भांडणं, सगळ्याचा निकाल वाकोल्यातल्या एका शाळेच्या वर्गात लागतो. सरपंचही तिथेच ठरणार होता. मंडळाची रीत अशी, की आधी सगळ्यांनी नारळाला हात लावून जे ठरेल ते मान्य म्हणायचं, आणि मगच चर्चा सुरू करायची. तो नारळ नंतर गावी रवळनाथापुढे ठेवला जातो.

सुयोग मला मुद्दाम घेऊन गेला. "बघ तर खरं, कसं झकास होतंय," म्हणाला. नारळाला पहिला हात त्यानेच लावला.

अध्यक्ष भाऊराव उठले. "सुयोग नसता तर ही पंचायत नसती." टाळ्या झाल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. "आता सरपंचाचं. आपण नंदकिशोरला करू."

नंदकिशोर हा भाऊरावांचा जावई. गावात त्याचा जेसीबी फिरतो.

सुयोग शाल घेऊन उभाच राहिला. "भाऊकाका, मला वाटलं..."

"अरे, अर्जबिर्ज लिहायला तूच लागणार ना आम्हाला!"

मागून कोणीतरी ओरडलं, "सरपंच झाल्यावर बायको मिळात म्हणून धावतंस काय रे?"

वर्ग हसला. बाकं लहान मुलांची होती. मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. हसताना बाकं करकरत होती.

खाली रस्त्यावर आल्यावर सुयोग म्हणाला, "कायद्याने अर्ज भरता येतो."

"आणि नारळ?"

"नारळ नारळ असतो यार." हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवटच्या दिवशी त्याने अर्ज भरला. प्रचाराला गेला तेव्हा गावातली दारं लावून घेतलेली होती. फक्त आईचं दार उघडं होतं.

मतमोजणीला मी त्याच्याबरोबर तालुक्याला गेले. अधिकाऱ्याने आकडे वाचले. सुयोग परब, एक मत. सुयोगने परत वाचायला सांगितलं. त्याने परत वाचलं.

नंदकिशोरची माणसं खिदळली. "स्वतःक तरी घातलंस ना रे!"

घरी कुंदाकाकू माशांची खवलं काढत होत्या. सुयोग दारातच थांबला. "आई, तूपण?"

त्यांचा हात थांबला नाही. "तू नारळाक हात लावून शबूद मोडलंस, झिला. देव तुका सोडीत? घरातल्या एकान तरी पाळूक होयो."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितला असता तर तू माझ्या पाया पडलो असतंस. मगे माका जमला नसता."

त्यांनी मासे धुतले. आम्ही जेवलो.

पहिली ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. वाकोल्याहून मंडळाची बस आली होती. सुयोग मागे खांबाला टेकून बसला. येऊ नकोस असं मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, पंचायत तर झालीच ना.

पहिला ठराव भाऊरावांनी नंदकिशोरच्या तोंडून वाचून घेतला. गावाचा शब्द राखल्याबद्दल श्रीमती कुंदा परब यांचा सत्कार. "पोटच्या पोराला मत दिलं नाही हो या माउलीने!" भाऊराव माइकवर म्हणाले. टाळ्या थांबेनात. कुंदाकाकूंनी सत्काराची साडी दोन्ही हातांनी घेतली. त्या खाली बघत होत्या.

"ठरावाला अनुमोदन?" नंदकिशोरने विचारलं. मग हसला. "सुयोग, तूच दे की रे. घरचाच सत्कार आहे."

सगळे मागे वळून बघायला लागले. कुंदाकाकूंनीही वर पाहिलं.

सुयोगने हात वर केला.

"पूर्ण नाव?" ग्रामसेवकाने विचारलं.

"सुयोग दशरथ परब."

त्याने लिहून घेतलं. मी वाकून पाहिलं. या वेळी वडिलांचं नाव बरोबर होतं.