धारूरचा डोंगर आणि दत्ताच्या टाकीतला शुद्ध गॅस

तीस वर्षं मी फळ्यावर मिथेन काढला: मधे कार्बन, चार बाजूंना चार हायड्रोजन. जळताना मात्र कधी पाहिला नाही. त्यामुळे धारूरजवळच्या एका गावात सरपंच झालेला माझा जुना विद्यार्थी दत्ता फोनवर म्हणाला, "बाई, गावाला निर्धूर गावाचं प्रमाणपत्र मिळणार हाय, गोबरगॅसवर दोन शब्द बोलायला या," तेव्हा मी लगेच पिशवी भरली.

लातूरहून अंबाजोगाई, केज, मग धारूर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, वाचलेल्या पैशांत केजच्या स्टँडवर भजी खाल्ली. तुम्हीही खा, पण सोबतची मिरची शेजाऱ्याला द्या. धारूर जवळ आलं की डोंगर आणि सीताफळाची झुडपं सुरू होतात. किल्ला बघायचा असेल तर सकाळीच उरका, दुपारी दगड फार तापतात.

दत्ताच्या अंगणात गोबरगॅसच्या टाकीला चुना फासून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. घरामागे त्याची आई गयाबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती. डोळे लालबुंद.

"गॅस असताना चूल कशाला?" मी विचारलं.

"गॅस मेला न्हवं का, बाई! दोन वर्सं त्याच्यावर रांधलं, डोळं बरं झालतं. आता पुन्यांदा धूर."

दत्तानं खुलासा केला. "बाई, तुमीच शिकवलं, मिथेनला वास नसतो. आमच्या टाकीला तर लई वास! म्हनलं, पाव्हणे येणार, गॅस शुद्ध करावा. आठ दिवसांमागं चार कॅन फिनेल वतलं."

मी कपाळाला हात लावला. वास मिथेनचा नसतो, सोबतच्या दुसऱ्या वायूंचा असतो, आणि मिथेन तयार करतात शेणातले जिवाणू. त्यांनाच यानं मारलं होतं. दत्ता कळवळून म्हणाला, "उद्या तपासायला समिती येणार, तिला सांगू नका, बाई. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय." मी मान डोलावली. अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून तीन माणसांची समिती आली. मी भाषण ठोकलं: मिथेन दलदलीत होतो, भातशेतीत होतो, कचऱ्याच्या ढिगात आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातही. कारखान्यात त्याच्यापासून युरिया, मिथेनॉल, टायरमधली काजळी बनते. दाबून भरला की गाड्या चालतात. रंग नाही, वास नाही, हवेपेक्षा हलका.

मग शेगडी पेटवायची वेळ आली. दत्तानं कॉक फिरवला, काडी ओढली. दुसरी. पाचवी.

समितीचे अध्यक्ष उठले. "बाईंनी आत्ताच सांगितलं, गॅस दिसत न्हाई, वास येत न्हाई. इथं काही दिसतंय का? न्हाई. वास येतोय का? न्हाई. म्हणजे गॅस एकदम शुद्ध हाय!" टाळ्या. मी तोंड उघडलं, तेवढ्यात गळ्यात हार पडला.

जेवणाला ठेचा, पिठलं, कडक भाकरी. अध्यक्षांनी बोटं चाटली, "चुलीवरच्या भाकरीची चव काही औरच!" आणि हात धुऊन निर्धूर गावाच्या कागदावर सही केली. आत गयाबाई खोकत होती.

निघताना मी तिला सांगितलं, टाकी रिकामी करून धुवावी लागेल, मग ताजं शेण.

"नुस्त्या शेणानं कसं व्हईल? शेजारच्या चालू टाकीतली आंबलेली रबडी आणून घालीन, ईरजण म्हनून. मी तवाच म्हनले, आत जित्तं काय तरी हाय, दुधात कुनी फिनेल वततं का? पर आमचं पोरगं शिकलेलं."

महिन्याभरानं तिचाच फोन आला, "निळा पेटला, बाई." मी अजूनही तो पाहिलेला नाही. फोन ठेवल्यावर मला दत्ताची दहावीची वही आठवली. 'मिथेनचे गुणधर्म लिहा' या प्रश्नाला त्यानं माझं एकेक वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. मी पाचपैकी पाच दिले होते आणि खाली लाल शाईनं लिहिलं होतं: 'तोंडपाठ आहे. शाबास.'